भेगेचे पेढे

आमच्या चाचणीच्या हॉलमधलं विमान कधीच उडायचं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण आमच्या बंगळूरच्या, बनशंकरीतल्या बिल्डिंगमध्ये नव्यानं राहायला आलेली पुण्या-मुंबईची मंडळी मला लिफ्टमध्ये गाठून विचारायची, "काकू, तुमचं फायटर जेट कधी उडणार?" अहो, उडणारी विमानं वेगळी. ती धावपट्टीच्या बाजूला, पायलट लोकांच्या कौतुकात. आमचं विमान जमिनीला जखडलेलं. त्याला इंजिन नाही, चाकं नाहीत, पायलटची खुर्चीसुद्धा नाही; खुर्चीच्या जागी वजनाला शिशाच्या पिशव्या ठेवलेल्या. पंखांना तेलाच्या दाबावर चालणारे दांडे जोडलेले, आणि ते दांडे दिवसभर पंख वर ढकलणार, खाली ओढणार. विमानानं आकाशात वळण घेतलं, सूर मारला, दणकन जमिनीवर उतरलं, की त्याच्या अंगावर जो भार येतो तो सगळा आम्ही इथं द्यायचा, आणि ते कुठं तडकतं ते शोधायचं. जे कधी उडलं नाही त्याला म्हातारं करायचं, हे माझं काम. त्यात माझा उभा जन्म गेला.

ही चाचणी शेवटपर्यंत झाली तरच विमानाचं आयुष्य किती, ते आम्ही लिहून देऊ शकतो. ते लिहून दिल्याशिवाय हवाई दल विमान घेत नाही. त्यांनी घेतलं नाही तर कारखान्यात पुढची विमानं बनत नाहीत. म्हणजे सगळ्या प्रकल्पाची मान आमच्या हॉलमध्ये अडकलेली. मला निवृत्त व्हायच्या आधी एवढी एक चाचणी पुरी करायची होती. बढती नको, सत्कार नको, शाल-श्रीफळ तर अजिबात नको. एवढं एक हवं होतं.

माझे वडील साताऱ्याहून इथल्या विमान कारखान्यात फिटर म्हणून आले आणि परत गेलेच नाहीत. मी इथलीच. घरात मराठी, गल्लीत कन्नड, ऑफिसात हिंदी आणि इंग्लिश, आणि राग आला की चारी एकदम. हॉलमधली माणसं मला अक्का म्हणतात. पाठीमागे काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी फटकळ आहे, मान्य. पण आमच्या कामात गोड बोलणाऱ्याचा उपयोग नसतो.

आता खर्चाचं. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. विमानाचं कुणी म्हणून ठेवलं नाही, कारण म्हणणाऱ्याला ते पुरं झालेलं बघायला मिळालं नसावं. सुरुवातीला दिल्लीला जो आकडा सांगितला होता, तो आज ऐकला तर हसू येतं. बाहेरच्या देशातनं यायचं इंजिन वेळेवर आलं नाही. ते येईपर्यंत हवाई दलाला जास्त जड क्षेपणास्त्र हवंसं झालं. मग पंख मजबूत करा. पंख जड झाला, मग चाकांचे पाय बदला. पाय बदलले, मग पोटातली जागा बदला. आणि प्रत्येक बदलानंतर आमच्या चाचण्या पहिल्यापासून. दर वर्षी आमचे डायरेक्टरसाहेब नवा आकडा घेऊन दिल्लीला जायचे आणि दर वर्षी थोडे वाकून परत यायचे. माझे यजमान जयनगरला घरं बांधून देण्याच्या धंद्यात. ते मला म्हणायचे, "आमच्याकडे असं केलं तर गिऱ्हाईक चपलेनं मारेल." मी त्यांच्याशी भांडायचे, पण मनातनं मला त्यांचं पटायचं. मुदत आम्हीच दिलेली, खर्चही आम्हीच सांगितलेला. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला.

आमच्या हॉलमध्ये एक रीत होती, माझ्याही आधीपासूनची. भेग सापडली की पेढे. बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो आपल्याकडे वेड्यासारखा बघतो. पण माझे पहिले साहेब धारवाडकडचे होते, त्यांनी मला नोकरीच्या पहिल्या महिन्यात सांगितलं होतं, "भेग जायचीच आहे. इथं गेली तर पेढे, वर गेली तर कुणाच्या तरी घरी रडारड." मला ते इतकं पटलं की पुन्हा कधी विचारायची वेळ आली नाही. पेढे हॉलच्या प्रमुखानं आणायचे, म्हणजे गेली कित्येक वर्षं मीच. धारवाडी पेढे, जयनगरच्या एका ठरलेल्या दुकानातले. भेग लहान असो, मोठी असो. सापडली, झालं.

शेवटची भेग सापडली ती पुण्याच्या एका मुलीला. ती आमच्याकडे कंत्राटावर होती, पंचविशीतली, काडीसारखी बारीक. तिचं मराठी ऐकून माझ्या डोक्याला मुंग्या यायच्या. "मॅडम, मी ते ऑलरेडी चेक केलंय, बट मला कॉन्फिडन्स येत नाहीये." मग ती तेच काम पुन्हा करायची. आधी मला वाटलं, ही काय चालढकल लावलीय. मग ध्यानात आलं, की स्वतःच्याच कामावर विश्वास न बसणारी पोरगी या कामाला सोन्यासारखी. त्यानंतर मी तिला हाताशी धरून शिकवलं. भेग जिवंत आहे असं समज, म्हणून सांगितलं. भार मिळाला की ती तो खाते आणि वाढते. भार थांबला की आहे तिथंच थांबते, पण मरत नाही.

पंख जिथं धडाला जोडतात तिथं आत एक आडवी चौकट असते. तिच्या मागच्या बाजूची तपासणी आमच्या ठरलेल्या कामात नव्हतीच, कारण आमच्या गणितानं तिथं काही व्हायला नको होतं. शिवाय जागा एवढी अडचणीची की माझ्यासारखीचा खांदासुद्धा आत जायचा नाही. ही बया आत शिरली. का, तर कॉन्फिडन्स येत नव्हता. तिनं तिथं लाल रंग लावला, पुसून काढला, वरनं पांढरी भुकटी फवारली आणि आरसा धरून बसली. कुठं भेग असेल तर तिच्यात शिरलेला रंग थोड्या वेळानं पांढऱ्यातनं रेघेसारखा वर येतो. तो आला. आतनं तिचा आवाज आला, "मॅडम, एक लाइन दिसतीये. मे बी स्क्रॅच असेल."

मी बॅटरी घेऊन वाकून बघितलं. ओरखडा नव्हता. बोल्टच्या भोकाच्या कडेनं निघालेली, केसाएवढी बारीक, नखाएवढी लांब भेग होती. पोरगी बाहेर आली तेव्हा तिच्या गालाला रंग लागला होता. मी तिच्या पाठीत धपाटा घातला. "स्क्रॅच म्हणे. अगं, लोकांची नोकरी संपते पण अशी भेग सापडत नाही." मला खरंच फार आनंद झाला होता. असा आनंद मला पोराच्या बारावीच्या निकालालाही झाला नव्हता. ही जागा कुणी बघितलीच नसती, विमानं तशीच बनून गेली असती, आणि एके दिवशी कुणाचा तरी मुलगा वर असताना पंख निघाला असता. मी सगळ्यांना सांगितलं, "आज दुपारी पेढे." सगळे "सरी अक्का", म्हणजे बरं अक्का, म्हणाले आणि मी स्वतः ऑटो करून जयनगरला गेले.

खर्च तपासायला दिल्लीहून समिती आलेली होती. ती आमच्या हॉलमध्ये दुसऱ्या दिवशी यायची होती. पण त्यांची दुसरी कुठली तरी बैठक रद्द झाली आणि डायरेक्टरसाहेब त्यांना त्याच दुपारी आमच्याकडे घेऊन आले. आम्ही सगळे विमानाच्या पंखाखाली उभे राहून पेढे खात होतो. माझ्या हातात खोका. समितीतले हिशेबाचे मोठे साहेब पुढे आले. पाहुणा दारात आला आणि हातात पेढे आहेत, तर मराठी बाई काय करणार? मी खोका पुढे केला. त्यांनी हसून एक उचलला, अर्धा तोंडात टाकला आणि विचारलं, "किस खुशी में?"

मी सांगितलं, "सर, क्रॅक मिला है."

त्यांना वाटलं, माझी हिंदी चुकली. त्यांनी डायरेक्टरसाहेबांकडे बघितलं. डायरेक्टरसाहेबांचा चेहरा असा झाला होता, की जणू मी त्यांच्या मुलीच्या लग्नात श्राद्धाचा स्वयंपाक वाढलाय. उरलेला अर्धा पेढा साहेबांनी कागदी रुमालात गुंडाळला आणि कुठं ठेवावा ते न कळून हातातच धरला. मी पुष्कळ समजावलं. चाचणी कशासाठी असते, भेग सापडणं म्हणजे चाचणीला यश येणं कसं, सगळं सांगितलं. मुलीला पुढे करून म्हटलं, हिनं शोधली. ती बिचारी गालाला रंग लावून उभी. साहेबांनी तिला विचारलं, हे दुरुस्त करायला किती वेळ लागेल. ती प्रामाणिकपणे म्हणाली, आत्ता सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी बैठक होती. त्याआधी डायरेक्टरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. माणूस वाईट नाही, पण खुर्चीत बसून बसून त्यांचा कणा गेलेला. म्हणाले, "मॅडम, आज क्रॅक हा शब्द नको. ऑब्झर्वेशन म्हणा. आणि पेढ्यांचं काही बोलू नका." माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "सर, बाळंतपणाला ऑब्झर्वेशन म्हटलं म्हणून पोर व्हायचं राहत नाही." ते हसले नाहीत.

बैठकीत हिशेबाच्या साहेबांनी एकच प्रश्न विचारला. ही भेग दुरुस्त केल्यावर आणखी भेगा येणार नाहीत, अशी खात्री देता का? डायरेक्टरसाहेब माझ्याकडे बघत होते. खोलीतले सगळेच बघत होते. मला ठाऊक होतं त्यांना काय ऐकायचंय. मी म्हटलं, नाही. येतील. त्यासाठीच तर हे करतोय.

मग त्यांनी एकेक गोष्ट विचारत नेली. चौकट मजबूत करायला पत्रा जाड करावा लागेल ना? हो. म्हणजे वजन वाढेल? थोडं. कारखान्यात तयार होऊन उभी आहेत त्या विमानांची चौकट बदलावी लागेल? हो. म्हणजे वेळ? हो. म्हणजे पैसा? हो. मला वाटत होतं, आपण आपल्याच हातानं एकेक वीट काढून देतोय. पण खोटं काय सांगणार? ते म्हणाले, "हर साल आप लोग यही बोलते हैं." आवाज चढवला नाही त्यांनी. त्यांची काही चूक नव्हती, हेच मला जास्त लागलं. आम्ही दर वर्षी हेच बोलत होतो. मग ते म्हणाले, एवढ्या पैशात बाहेरनं तयार विमानं आली असती. मी म्हटलं, "सर, त्या विमानांनाही भेगा जातात. त्यांचे पेढे त्यांच्या देशात आधीच वाटून झालेले असतात, एवढंच." कुणीतरी खोकलं. डायरेक्टरसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

आमचा भेगेचा अहवाल दिल्लीला पोचायच्या आधी पेढ्यांची गोष्ट पोचली. म्हणे बंगळूरला विमान फुटलं की मिठाई वाटतात. ती कुणी सांगितली ते मला माहीत नाही आणि मी शोधतही बसले नाही. एका पेपरात दोन ओळीही आल्या. लिफ्टमधली मंडळी आता हळू आवाजात विचारायला लागली, "काकू, ते खरं आहे का हो?" मी म्हणायचे, खरं आहे. मग त्यांचा मजला यायचा.

थोड्या दिवसांनी आदेश आला. प्रकल्पाचा फेरविचार होईपर्यंत सगळा नवा खर्च बंद, चाचण्यासुद्धा बंद. रद्द हा शब्द कुठंही नव्हता. रद्द म्हटलं असतं तर मी रडले असते, भांडले असते, दोन दिवस जेवले नसते आणि मग उठले असते. हे नुसतं भिजत घोंगडं. दांड्यांमधला तेलाचा दाब आम्ही उतरवला. पंख सावकाश खाली आले आणि मधल्या जागी थांबले. इतकी वर्षं त्या हॉलमध्ये ओरडून बोलायची सवय झालेली. त्या दिवशी कुणीतरी "चहा घेणार का" विचारलं ते सगळ्या हॉलला ऐकू गेलं आणि आम्ही सगळेच चमकलो.

मुलीचं कंत्राट संपत आलं होतं. मी ते वाढवून मिळावं म्हणून तीन जणांच्या दारात गेले. माझ्यासारखी बाई, जिनं स्वतःसाठी कधी कुणाला विनवलं नाही, ती हात जोडून उभी राहिली. सगळ्यांनी सांगितलं, मॅडम, चाचणीच बंद आहे तर माणूस कशाला? आणि ते बरोबरच होतं. निघायच्या आधी तिला मी घरी जेवायला बोलावलं. पुरणपोळी केली. ती पहिली पोळी मोडत बसली, आणि मान खाली घालूनच म्हणाली, "मॅडम, मी ती लाइन दाखवलीच नसती तर?"

मी ताडकन बोलले. इतकं वाईट बोलले की आमचे हे पानावरनं उठून आत गेले. पुन्हा असं मनात आणलंस तर या क्षेत्रात राहू नकोस, जा आणि कॉम्प्युटरवर बसून लोकांच्या पिझ्झ्याच्या ऑर्डरी मोज, असं काहीबाही. ती रडायला लागली. मग मी तिच्या शेजारी बसले आणि तिचं डोकं खांद्याला लावून घेतलं. म्हटलं, तू या सगळ्या वर्षांतलं सगळ्यात चांगलं काम केलंस. ती म्हणाली, "पण मग हे असं का?" मी तिच्या पानात दुसरी पोळी वाढली. तिनं दाखवलं नसतं तर चाचणी चालू राहिली असती का, हे मी कितीदा स्वतःला विचारलंय. राहिली असती बहुतेक. आणि तेच सांगायची माझी हिंमत झाली नाही.

ती पुण्याला गेली, मोटारी बनवणाऱ्या एका कंपनीत लागली. हॉलमधली माणसं एकेक करून दुसरीकडे पाठवली गेली. मी रोज जाते. दार उघडते, दिवे लावते, विमानाभोवती फिरते आणि खुर्चीत बसते. फेरविचार चालू आहे. परवा डायरेक्टरसाहेब येऊन गेले, हॉल दुसऱ्या कामाला हवाय म्हणाले. विमान बाहेर काढायचं तर दारातनं अख्खं निघत नाही, कापावं लागेल. ते म्हणाले, "बघू." मीही म्हटलं, "बघू." पूर्वी मी अशा शब्दावर त्यांना फाडून खाल्लं असतं. आमचे हे म्हणतात, मुदतीआधी निवृत्ती घे, आता उरलंय काय. त्यांना मी उलट उत्तर देत नाही, म्हणून तेच जास्त घाबरलेत.

गेल्या आठवड्यात दुपारी मुलीचा फोन आला. नवी कंपनी चांगली आहे, कँटीन बरं आहे, घर ऑफिसजवळ मिळालं, सगळं भराभरा सांगितलं. मला बरं वाटलं. आवाजात उत्साह होता. मग म्हणाली, "मॅडम, पेपरात तर काही रद्द झाल्याचं येत नाहीये. म्हणजे चालू झालं असेल ना परत? आपली भेग कुठपर्यंत गेली?"

मी म्हटलं, "आहे तिथंच आहे गं."

भेग कशानं थांबते हे तिला मीच शिकवलं होतं.

मग ती म्हणाली, "जेवलात का मॅडम?"

मी हो म्हटलं. डबा तसाच होता.